रेषेबाहेरचे नेतृत्व : थोर प्रशिक्षक नेमके काय करतात?

फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला, राखीव खेळाडूंच्या बाकांसमोर, एक चौकट आखलेली असते. सामना चालू असताना प्रशिक्षकाने त्या चौकटीतच राहावे, असा नियम आहे. तिथून तो सूचना देऊ शकतो, हातवारे करू शकतो, खेळाडू बदलू शकतो. पण चेंडू अगदी त्याच्या पायाजवळून गेला तरी त्याला तो अडवता येत नाही. क्रिकेटमध्ये तर तो सीमारेषेपलीकडे, ड्रेसिंग रूममध्ये बसलेला असतो. हार झाली तर पहिला जाब त्याला विचारला जातो, पण ती हार किंवा जीत घडवणारा एकही फटका त्याच्या हातचा नसतो.

नेतृत्वाविषयी बोलताना आपण बहुधा सेनापतींची, उद्योजकांची किंवा राजकीय पुढाऱ्यांची उदाहरणे घेतो. कार्यालयात काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर त्याचा विभागप्रमुख येतो. या विभागप्रमुखाला एक सोय असते, ती म्हणजे अगदीच अडले तर त्याला स्वतः हात घालता येतो. हाताखालच्या माणसाने तयार केलेला अहवाल पसंत पडला नाही, तर तो रात्री जागून स्वतःच लिहून काढतो आणि वेळ निभावून नेतो. प्रशिक्षकाला हा मार्ग बंद असतो. त्यामुळे ‘दुसऱ्याच्या हातून उत्तम काम घडवणे’ हा नेतृत्वाचा जो गाभा आहे, तो प्रशिक्षकाच्या कामात इतर कुठल्याही क्षेत्रापेक्षा स्पष्ट दिसतो. सामन्याआधीच्या त्वेषपूर्ण भाषणांना चित्रपटांमुळे अवास्तव महत्त्व आले आहे, असे माझे मत आहे. खरे काम त्याच्या कितीतरी आधी, रोजच्या सरावात झालेले असते, आणि ते खेळाडूला अशा क्षणासाठी तयार करण्याचे असते ज्या क्षणी प्रशिक्षक त्याच्यासाठी काहीही करू शकणार नाही.

हे काम आतून कसे दिसते, याची एक दुर्मीळ नोंद उपलब्ध आहे. जॉन वुडन हे लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूसीएलएच्या, बास्केटबॉल संघाचे 1948 ते 1975 या काळातले प्रशिक्षक. 1964 पासूनच्या 12 वर्षांत त्यांच्या संघाने 10 वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांच्या शेवटच्या, 1974-75 च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाच्या वेळी बाजूला बसून, वुडन काय बोलतात आणि काय करतात याची एकेक नोंद केली. इतका यशस्वी माणूस खेळाडूंना भरभरून शाबासकी देत असेल किंवा धारेवर तरी धरत असेल, असे कोणालाही वाटेल. एकूण 2,326 नोंदींमध्ये कौतुकाचा वाटा 7 टक्क्यांच्या आसपास होता आणि नाराजीचाही जवळपास तेवढाच. सुमारे तीन चतुर्थांश वेळा वुडन जे बोलले, ती निव्वळ माहिती होती: काय करायचे, कसे करायचे, कोणत्या क्षणी करायचे.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘अभिप्राय देणे’ या शब्दांचा आपण जो अर्थ घेतो, तो यातून तपासून घ्यावा लागतो. ‘छान झाले’ किंवा ‘हे चालणार नाही’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला एवढेच कळते की समोरचा माणूस खूश आहे की नाराज. पुढच्या वेळी नेमके काय वेगळे करायचे, हे त्यातून कळत नाही. याउलट, ‘चेंडू घेताना दोन्ही हात छातीसमोर ठेव, एका हाताने ओढू नकोस’ या वाक्यात ना राग आहे ना लोभ, पण पुढच्याच मिनिटाला करून पाहता येईल अशी एक गोष्ट आहे. वुडन यांची चूक सुधारण्याची पद्धतही नोंदवून ठेवलेली आहे. सराव थांबवून ते आधी ती हालचाल अचूक करून दाखवत, मग खेळाडूने जशी केली तशी चुकीची करून दाखवत आणि लगेच पुन्हा अचूक करून दाखवत. हे सगळे काही सेकंदांत उरकत असे आणि सराव पुढे चालू होई. चुकीविषयी प्रवचन होत नसे. चूक अचूकतेच्या शेजारी ठेवली जाई आणि फरक खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे.

सरावात इतके नेमके बोलता यावे, म्हणून सराव सुरू होण्यापूर्वी त्यांना पुष्कळ काम करावे लागत असे. रोज सकाळी साहाय्यकांबरोबर बसून ते दुपारच्या सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा तयार करत आणि तो छोट्या कार्डांवर लिहून मैदानात नेत. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे, हे शिकवत असत. विद्यापीठात प्रवेश मिळवलेल्या, देशभरातून निवडून आणलेल्या तरुणांना हा प्रकार पोरकट वाटत असणार. पण त्यामागची कारणमीमांसा साधी होती. मोज्याला टाचेजवळ किंवा करंगळीजवळ चुणी राहिली, तर पायाला फोड येतो. फोड आला की सराव बुडतो किंवा अर्धवट होतो. आणि अर्धवट सराव झालेला खेळाडू निर्णायक सामन्यात कमी पडतो. विजेतेपदाची साखळी मागे मागे नेत गेले की ती त्या चुणीपर्यंत पोहोचते, आणि ती चुणी काढणे कोणालाही, कोणत्याही दिवशी जमण्यासारखे असते.

वुडन यांच्याविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. त्यांच्याकडे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने प्रसिद्ध झालेले ल्यू अल्सिंडर होते, नंतर बिल वॉल्टन होते. असे खेळाडू मिळाले तर कोण जिंकणार नाही? परंतु 1964 चे पहिले विजेतेपद मिळवणाऱ्या संघात मुख्य पाच खेळाडूंपैकी एकही जण साडेसहा फूट उंच नव्हता. त्या बुटक्या संघाला त्यांनी संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यावर दबाव ठेवणारा वेगवान खेळ शिकवला, आणि अल्सिंडर आल्यावर तीच पद्धत पुढे न रेटता खेळाची रचना त्या उंच खेळाडूभोवती नव्याने केली. शिस्त आणि सरावाचा दर्जा यांत त्यांनी तडजोड केली नाही, डावपेच मात्र समोरच्या माणसांनुसार बदलले. शिवाय, ते पहिले विजेतेपद त्यांच्या यूसीएलएमधील 16 व्या हंगामात आले, हेही लक्षात ठेवावे लागते.

नेमके बोलण्यासाठी आधी नेमके पाहावे लागते, आणि पाहणे हे काम आहे हे मान्य करायला बऱ्याच नेत्यांना वेळ लागतो. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनाही लागला. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन या फुटबॉल संघाचे व्यवस्थापक असताना सराव ते स्वतः घेत असत. तुम्हीच सगळे करता, मग आम्ही इथे कशासाठी आहोत, अशा अर्थाचा प्रश्न त्यांच्या साहाय्यकाने केला आणि सराव आपल्या हाती सोपवण्याचा आग्रह धरला. फर्ग्युसन यांनी प्रथम नकार दिला; नंतर विचार करून ते मागे सरले आणि कडेला उभे राहून पाहू लागले. पुढे त्यांनी सांगितले आहे की, सराव घेत असताना ज्या गोष्टी दिसत नव्हत्या त्या आता दिसू लागल्या. एखाद्या खेळाडूचा उत्साह अचानक ओसरला आहे, एखादा दुखापत लपवतो आहे, एखाद्याच्या घरी काही बिनसले असावे, असे बारकावे शिट्टी तोंडात धरून पुढचा व्यायाम ठरवणाऱ्या माणसाच्या नजरेतून निसटतात.

अधिकार सोपवणे म्हणजे नेत्याने आपले ओझे हलके करणे, असा समज आहे. फर्ग्युसन यांच्या बाबतीत त्याचा अर्थ उलट होता. त्यांनी साहाय्यकाला जे करता येईल ते साहाय्यकाकडे दिले आणि फक्त त्यांनाच करता येईल असे काम, म्हणजे संपूर्ण चित्र पाहण्याचे काम, स्वतःकडे घेतले. नोव्हेंबर 1986 मध्ये ते इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेडला आले तेव्हा त्यांना तातडीने विजय दाखवणे भाग होते, तरीही त्यांनी सुरुवातीची बरीच शक्ती कुमार खेळाडूंची फळी उभारण्यात घातली. पहिला करंडक 1990 मध्ये मिळाला. त्या फळीतले बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधू 1995-96 च्या हंगामात मुख्य संघात आले. पहिलाच सामना अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध 3-1 असा हरल्यावर, पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही, असा शेरा एका नामवंत समालोचकाने मारला. त्याच हंगामात युनायटेडने लीग आणि एफए कप ही दोन्ही विजेतेपदे मिळवली.

आता अधिक अवघड प्रश्नाकडे वळू. संघात बेशिस्त घडली, आणि तीही सर्वांत मोठ्या खेळाडूकडून घडली, तर नेत्याने काय करावे?

13 मे 1994 रोजी शिकागो बुल्स आणि न्यूयॉर्क निक्स यांच्यात एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, बाद फेरीतला सामना चालू होता. गुण बरोबरीत होते आणि घड्याळात 1.8 सेकंद शिल्लक होते. मायकेल जॉर्डन यांनी त्या हंगामापूर्वी निवृत्ती घेतली होती आणि स्कॉटी पिपेन हे संघाचे आधारस्तंभ होते. प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी शेवटचा फेक टोनी कुकोच यांनी करावा आणि पिपेन यांनी त्यांच्याकडे चेंडू पोहोचवावा, अशी चाल आखली. पिपेन दुखावले आणि बाकावरून उठलेच नाहीत. जॅक्सन यांनी वाद न घालता दुसरा खेळाडू पाठवला, कुकोच यांनी चेंडू जाळ्यात टाकला आणि बुल्स जिंकले. पण ड्रेसिंग रूममध्ये आनंद नव्हता. अशा वेळी नेत्याने कठोर शब्दांत कानउघाडणी करावी, दंड जाहीर करावा, अशी अपेक्षा असते. घडले ते सर्वांनाच लागले आहे, आता तुम्हीच एकमेकांशी बोलून यातून मार्ग काढा, एवढेच सांगून जॅक्सन पत्रकारांना सामोरे जाण्यासाठी बाहेर पडले. त्यानंतर बिल कार्टराइट हे संघातले ज्येष्ठ खेळाडू उभे राहिले आणि पिपेन यांच्याकडे पाहून, डोळ्यांत पाणी आणून, इतकी वर्षे एकत्र झगडल्यावर तू आम्हाला असे सोडलेस, हे त्यांनी बोलून दाखवले. पिपेन यांनी सहकाऱ्यांची माफी मागितली.

जॅक्सन यांनी बाहेर पडणे ही पळवाट होती का? मला तसे वाटत नाही. पिपेन यांनी प्रशिक्षकाचा आदेश मोडला होता हे खरे, पण विश्वास तुटला होता तो सहकाऱ्यांचा. शिक्षा प्रशिक्षकाने दिली असती तर हा मामला पिपेन आणि जॅक्सन यांच्यातला झाला असता, आणि बाकीचे प्रेक्षक बनले असते. अर्थात हा उपाय कोणत्याही संघाला लागू पडेल असा नाही. कार्टराइट यांच्यासारखा माणूस खोलीत असावा लागतो, आणि तो बोलू शकेल असे वातावरण आधीच्या कित्येक महिन्यांत तयार झालेले असावे लागते. संघाला असे सावरता येईल इतके मोकळे वातावरण ठेवणारे जॅक्सन प्रशिक्षक म्हणून एकूण 11 वेळा एनबीएचे विजेते ठरले.

कठोरपणाचा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रमाकांत आचरेकर सरांचे एक रुपयाचे नाणे सर्वांना माहीत आहे. दिवसभराच्या सरावाने सचिन तेंडुलकर थकले की सर यष्टीवर नाणे ठेवत. जो गोलंदाज बाद करील त्याचे ते नाणे, आणि शेवटपर्यंत नाबाद राहिल्यास ते सचिनचे. अशी 13 नाणी तेंडुलकर यांनी जपून ठेवली आहेत. ही गोष्ट गोड वाटते, पण तिच्यातली योजना कडक आहे. शरीर थकलेले असताना आणि समोर सगळे बाद करायला टपलेले असतानाही एकाग्रता टिकवणे हीच खरी परीक्षा असते, आणि सरांनी ती दिवसाच्या शेवटी मुद्दाम ठेवली होती. पुल्लेला गोपीचंद यांचे उदाहरण याहून टोकदार आहे. पी. व्ही. सिंधू कोर्टवर फार सौम्य असत; आक्रमकता अंगी यावी म्हणून गोपीचंद यांनी त्यांना इतर खेळाडू आणि प्रशिक्षकांच्या देखत कोर्टच्या मध्यभागी उभे राहून मोठ्याने ओरडायला सांगितले, आणि तसे केल्याशिवाय रॅकेटला हात लावू देणार नाही असे बजावले. सिंधू यांना रडू कोसळले, पण अखेर त्या ओरडल्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांना रौप्यपदक मिळाले तेव्हा, तीन महिन्यांपासून काढून घेतलेला मोबाइल आता परत देणार, असे गोपीचंद यांनी सांगितले होते.

मग कठोरपणा आणि छळ यांत सीमा कुठे आखायची? इंडियाना विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट यांनी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. 1976 चा त्यांचा संघ संपूर्ण हंगामात एकही सामना हरला नाही. 1985 मध्ये पंचांवर चिडून त्यांनी सामना चालू असताना कोर्टवर खुर्ची भिरकावली. पुढे सरावात एका खेळाडूचा गळा धरल्याचे चित्रण उघड झाले आणि सप्टेंबर 2000 मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. नाइट यांना खेळाची जाण कमी नव्हती. पण खुर्ची फेकून खेळाडूला काहीही शिकवले जात नाही. तिथे फक्त प्रशिक्षकाचा राग मोकळा होतो. सिंधू यांना दिलेली आज्ञा कडक होती, कदाचित सीमेच्या अगदी जवळची होती, आणि प्रत्येक खेळाडूला ती झेपेल असे मी म्हणणार नाही. तरीही तिचा हेतू त्या खेळाडूच्या खेळातली एक ठरावीक उणीव भरून काढण्याचा होता. त्या कठोरपणातून खेळाडूला काही मिळते आहे की नेत्याला, हे तपासले की बहुतेक वेळा उत्तर सापडते.

कठोर माणूसही संघाला चालतो. अन्यायी माणूस चालत नाही. राहुल द्रविड यांनी 2018 मध्ये भारताच्या 19 वर्षांखालील संघाला विश्वविजेतेपद मिळवून दिले, तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्यांना 50 लाख रुपये आणि साहाय्यकांना प्रत्येकी 20 लाख रुपये जाहीर झाले होते. द्रविड यांनी हा भेद अमान्य केला आणि अखेर सर्वांना, त्यांच्यासह, प्रत्येकी 25 लाख रुपये मिळाले. भारत ‘अ’ संघाच्या दौऱ्यांवर ते खेळाडूंना आधीच सांगत की माझ्याबरोबर आलेला कोणीही सामना न खेळता परत जाणार नाही. दौऱ्यावर जायचे, पाण्याच्या बाटल्या वाहायच्या आणि घरी आल्यावर निवड समितीपुढे पुन्हा शून्यातून सुरुवात करायची, हा अनुभव त्यांनी तरुणपणी स्वतः घेतला होता. असा शब्द देणाऱ्या माणसाने पुढे कधी एखाद्याला वगळले, तर वगळलेल्या खेळाडूला वाईट वाटते, पण कारस्थानाचा संशय येत नाही.

दबावाच्या क्षणी काय बोलावे, याविषयी एकच प्रसंग सांगतो. 2025 च्या महिला विश्वचषकात भारतीय संघ साखळीत सलग तीन सामने हरला होता आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने 338 धावा उभारल्या होत्या. प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर लिहिले की अंतिम फेरीसाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. हेच मुजुमदार 1988 मध्ये, तेंडुलकर आणि कांबळी यांची 664 धावांची शालेय भागीदारी चालू असताना, पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. नंतर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये 11,000 हून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. डोंगराएवढे लक्ष्य समोर असताना आकड्याचे ओझे उतरवून ठेवणारे ते वाक्य अशा माणसाने लिहिले होते. जेमिमा रॉड्रिग्ज यांनी नाबाद 127 धावा केल्या, आणि 2 नोव्हेंबर रोजी भारताने अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवले.

नेता निघून गेल्यावर मागे काय उरते, ही कसोटी फार थोडे लोक लावतात. वुडन यांच्यानंतर यूसीएलएला पुढचे राष्ट्रीय विजेतेपद मिळायला 1995 साल उजाडले. फर्ग्युसन 2013 मध्ये लीगचे विजेतेपद मिळवून निवृत्त झाले. त्यांचे अनुभवी साहाय्यकही त्याच सुमारास बाहेर पडले आणि पुढच्याच हंगामात युनायटेड सातव्या क्रमांकावर घसरला. 27 वर्षे जे ज्ञान माणसांमध्ये साठले होते, ते माणसांबरोबर गेले.

बिल वॉल्श यांची गोष्ट वेगळी आहे. 1979 मध्ये त्यांनी अमेरिकन फुटबॉलमधील सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स हा संघ हाती घेतला, तेव्हा आदल्या वर्षी तो 16 पैकी 14 सामने हरला होता. वॉल्श यांच्या पहिल्या वर्षीही तो 14 सामनेच हरला. त्या काळात ते विजयाविषयी फारसे बोलत नव्हते. खेळाडूने किती पावले धावून कुठे वळावे इथपासून दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्याने कसे बोलावे इथपर्यंत, प्रत्येक कामाचा दर्जा ते ठरवत होते आणि शिकवत होते. सामन्याच्या सुरुवातीच्या चाली ते आधीच क्रमाने लिहून काढत, कारण आरडाओरड्यात सुचणाऱ्या निर्णयापेक्षा शांतपणे घेतलेला निर्णय बरा असतो, असे त्यांचे मत होते. तिसऱ्या हंगामात संघाने सुपर बोल, म्हणजे त्या खेळातला विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला, आणि जानेवारी 1989 मध्ये तिसरा सुपर बोल जिंकल्यावर वॉल्श पायउतार झाले. त्यांच्या जागी जॉर्ज सिफर्ट आले, जे वॉल्श यांच्याच हाताखाली बचावफळी सांभाळत होते. पुढच्या वर्षीचा सुपर बोल त्याच संघाने डेन्व्हरविरुद्ध 55-10 असा जिंकला, आणि त्या दिवशी वॉल्श संघाच्या बाकावर नव्हते.